आबांची चारित्र्य पडताळणी

नाव सांगणार नाही. सांगितलं तर त्यांची अर्धी भावकी उद्या माझ्या ऑफिसात येऊन बसेल, आणि एवढ्यांना चहा पाजायची माझी तयारी नाही. आपण आबा म्हणू. मीही त्यांना आबाच म्हणते आणि ते मला ताई म्हणतात, जरी मी त्यांच्यापेक्षा चांगली बारा-पंधरा वर्षांनी लहान असले तरी.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं टूर्स अँड ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक टेबल, दोन मोबाईल आणि मी. आमचे हे गाडी चालवतात, मी ड्रायव्हर चालवते. त्यात जास्त अवघड काय, ते कुणीतरी एकदा माझ्या खुर्चीत बसून बघावं. वेळेवर न येणारे बघितले, वेळेच्या आधी येऊन गिऱ्हाइकाच्या दारात दात घासणारे बघितले, घाटात गाडी बाजूला लावून बायकोशी फोनवर भांडणारेही बघितले. पण ड्रायव्हर तर व्हायचंय आणि कुणी ड्रायव्हर म्हटलेलं मात्र चालणार नाही, असा नमुना एकच बघितला.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पुढारी वर्गणी मागायला आलाय. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरीच पँट, खिशाला गॉगल अडकवलेला, बोटात अंगठी. खुर्चीत ऐसपैस बसले. चहा झाला. ऊस, कारखाना, निवडणूक, यंदाची थंडी असं सगळं बोलून झालं. मग घसा खाकरून म्हणाले, "आमच्या एका मित्राला गाडी लावायची हाय तुमच्याकडं."

"कुठली गाडी आहे मित्राची?"

त्यांनी दाराबाहेर बघितलं. बाहेर त्यांचीच पांढरी सात सीटची गाडी उभी होती. "हिच्यासारखीच हाय," ते म्हणाले. "म्हंजे अगदी हीच म्हना की."

"आणि चालवणार कोण?"

"मित्रच चालवंल."

"मित्राकडं बॅज आहे का?"

आबांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते कळेना. मग मी मित्रासाठी सगळं समजावून सांगितलं. भाड्यानं माणसं न्यायची तर घरच्या गाडीवर ते करता येत नाही. गाडी टी परमिटला टाकावी लागते, म्हणजे पांढरी नंबरप्लेट जाऊन पिवळी येते. चालवणाऱ्याला आरटीओचा बॅज काढावा लागतो. बॅजला डॉक्टरचा दाखला लागतो आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. पोलीस गावात येऊन लोकांना विचारतात, हा माणूस कसा आहे. आबा मन लावून ऐकत होते, पण हे शेवटचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"गावात इचारत्यात?" ते म्हणाले. "गावात कशापायी?"

आबांचं गाव इंदापूरच्या अंगाला, नीरेच्या काठचं. बागायती. एके काळी त्यांच्या रानातल्या उसाचे फोटो काढायला लोक यायचे, असं ते स्वतःच सांगतात. पाणी होतं म्हणून दिलं, आणखी दिलं, आणि देता देता रानात पांढरं फुटलं. वाफ्यावर मीठ पसरल्यासारखं. आता कित्येक वर्षं त्यात उसाचं टिपरू उगवलेलं नाही. धाकट्या भावाशी वाटणी झालेली आणि बोलणं बंद, कारण बांध. राहिली ती गाडी, बऱ्या दिवसांत हौसेनं घेतलेली. पोरगी बारामतीत कॉलेजला. म्हणजे गाडी पोटाला लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि मी म्हणते त्यात वाईट काय आहे? पण आमच्याकडच्या बागायतदारांचं डोकं वेगळंच चालतं. गाडी दारात धूळ खात उभी असली की मालक मोठा. तीच गाडी चार माणसं घेऊन पुण्याला निघाली की मालकाची किंमत गेली. मग लग्नात त्याला फेटा कुणी बांधत नाही आणि डेअरीवर लोक रामराम घालायच्या ऐवजी विचारतात, "काय, आज कुठलं भाडं?" आबांना या एका प्रश्नाचं भय होतं.

त्यामुळं 'भाडं' हा शब्द त्यांनी माझ्या ऑफिसात कधी उच्चारला नाही. ते 'पाव्हणं' म्हणायचे. "आज पाव्हणं कुठलं?" म्हणजे आज भाडं कुठलं. पैसे मिळाले की, "पाव्हण्यांनी डिझेलाला हातभार लावला." मी एकदा चिडून म्हटलं, "आबा, तुम्ही धंदा करताय का सोयरीक जमवताय?" तर शांतपणे म्हणाले, "ताई, शब्दावर मानसाचं वजन असतं." मी म्हटलं, शब्दावर टाकी फुल होत नाही. त्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

गाडी आधी पास झाली. पिवळी पाटी लागली आणि आबांना प्रश्न पडला, आता ही घेऊन गावात शिरायचं कसं. दोन दिवस गाडी माझ्या ऑफिससमोर ठेवून ते एसटीनं गावी गेले. तिसऱ्या दिवशी आले ते खुशीत. गावाला सांगून टाकलं होतं, की एका ज्योतिष्यानं पत्रिका बघितली, गुरू कमजोर निघाला, आणि त्यानं सांगितलं पिवळं वापरा. पिवळा टॉवेल घेतला, गाईला गुरुवारी हरभऱ्याची डाळ चारली आणि नंबरप्लेटही पिवळी केली. गावाला ते पटलं. इतकं पटलं, की सरपंचांच्या पुतण्यानं आपल्या घरच्या गाडीला पिवळी पाटी ठोकली, कारण त्याला पंचायतीला उभं राहायचं होतं आणि त्याचाही गुरू जरा ढिलाच होता. त्याला चौकात अडवलं आणि दंड बसला. गावात येऊन तो म्हणाला, "मग आबाला कसं आडवत न्हायती?" त्यावर गावानं ठरवलं, आबांची वर कुठंतरी ओळख आहे.

आता बॅज नसताना मी काही त्यांना भाड्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू देणार नव्हते. म्हणून त्यांच्या गाडीवर एक बदली ड्रायव्हर दिला, वयस्क आणि कमी बोलणारा. आबा घरी बसतील तर ना. ते त्याच्या शेजारी मालक म्हणून बसायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "मी तसाच चाललोय पुन्याला, म्हनलं तुमाला बी सोडावं." पैसे मोजून गाडी केलेली आणि वर उपकारात बसल्यासारखं, अशी गिऱ्हाइकाची गत व्हायची. मग आबा मागं वळून सुरू. कुठलं तुमी, आडनाव काय, मामाचं गाव कुठलं, मग त्या अमक्यांचं तुमी कोन? बारामती सोडायच्या आत त्यांनी नातं लावलेलं असायचं, आणि नातं लागलं की कमी पैसे घ्यायची पाळी माझ्यावर यायची.

एकदा वालचंदनगरच्या कॉलनीतून एका इंजिनिअरला विमानतळावर सोडायचं होतं. परराज्यातला माणूस, मराठीचा गंध नाही. वाटेत आबांनी ड्रायव्हरला गाडी आडवाटेला घालायला लावली. का, तर लांबच्या एका पाहुण्याकडं म्हातारा वारलेला, आणि दहाव्याच्या आत भेटून यायला हवं. गिऱ्हाईक गाडीत बसून राहिलं तर त्या घरच्यांना बरं दिसेना. त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि घोंगडीवर बसवलं. घरातली म्हातारी त्याच्या गळ्यात पडून रडली. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच हातातलं घड्याळ बघितलं. विमान गेलं. मी अर्धा तास फोनवर हिंदीत माफी मागत होते, आणि माझं हिंदी ऐकून तो आणखी घाबरला असावा. संध्याकाळी आबांना धारेवर धरलं तर म्हणाले, "लई मायाळू मानूस वो. म्हातारीला धीर आला बगा."

त्याच सुमारास एमआयडीसीतल्या एका कंपनीचं काम माझ्याकडं आलं. इंदापूर रस्त्याच्या गावांतून बायका कामाला यायच्या, त्यांना शिफ्टला आणायचं आणि सोडायचं. वर्षभराचं बांधलेलं काम. अट एकच होती, गाडीमालक स्वतः चालवणारा पाहिजे, त्याच्याकडं बॅज पाहिजे आणि पोलिसांचा शेरा स्वच्छ पाहिजे. बायकांचा प्रश्न, त्यांचंही बरोबर. आबांचं गाव अगदी त्या रस्त्यावर. मी आबांना म्हटलं, "महिनाअखेरच्या आत बॅज आणा, काम तुमचं. नाही आणलात तर दुसऱ्याला जाईल, आणि मग बदली ड्रायव्हरचा पगार देऊन तुम्ही वर्षभर नुसते शेजारी बसा." आबांनी बोटातली अंगठी फिरवली. पोरीच्या कॉलेजचं आणि घरातल्या किराण्याचं सगळं या एका कामावर भागणार होतं, हे त्यांनाही कळत होतं.

अर्ज मीच ऑनलाइन भरला. फोन नंबरही त्यांनी माझाच घालायला लावला, घरात मेसेज वाजला तर काय, म्हणून. पुढं डॉक्टरचा दाखला. बारामतीतल्या दवाखान्यात रांगेत बसले, तर नेमकं गावातलंच कुणीतरी भेटलं.

"आबा, तुमी हितं? तब्येत बरी न्हाय का?"

"तब्येतीला काय धाड भरलीया. लायसनला दाखला पायजे."

"कसलं लायसन?"

यावर कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, गाडीचं. आबा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पिस्तुलाचं."

हे सगळं मला नंतर कळलं. मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी त्यांना डोक्याच्या डॉक्टरच्या रांगेत बसवलं असतं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली, आबा पिस्तूल काढतोय. का काढतोय ते कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की आमच्याकडं लोक स्वतःच भर घालतात. त्यातच चार दिवसांनी हवालदार मोटारसायकलवर गावात येऊन आबांचं घर विचारून गेला. त्याला फक्त ठाण्यात कागद घेऊन या, एवढा निरोप द्यायचा होता. आबांना सगळ्यांनी गराडा घातला. पोलीस कशाला आलं हुतं?

आता खरं सांगायची केवढी सोन्यासारखी वेळ होती. आबा म्हणाले, "हाय एक जुनी केस. मारामारीची. जास्त इचारू नका."

आणि बघा मजा. ज्या गावाला टॅक्सी चालवणारा माणूस हलका वाटला असता, त्या गावात केसवाल्या माणसाचा भाव वधारला. चहाच्या टपरीवर पोरं उठून खुर्ची द्यायला लागली. आबांचा गॉगलमधला फोटो कुणाकुणाच्या स्टेटसला झळकला, शेजारी वाघ. वाढदिवसाला वेशीवर फ्लेक्स लागला, आबा कानाला मोबाईल लावून उभे, मागं ढगात वीज. बांधावरून कुरकुर करणारे शेजारी गप्प झाले. नुसते आबांच्या बांधाचे नाही, धाकट्याच्या बांधाचेही. तेव्हापासून धाकटे भाऊ, जे थोरल्याचं तोंड बघत नव्हते, ते येईल त्याला सांगायला लागले, "आमचा थोरला लई बेकार मानूस हाय. त्येच्या वाटंला जाऊ नका." बोलणं बंदच होतं, पण जाहिरात जोरात चालू होती. आबांनी पिस्तूलही नाकारलं नाही आणि केसही नाही, उलट चालताना खांदे जरा रुंद धरायला लागले.

मग हवालदार खऱ्या चौकशीला आला. वेशीवरच त्याला आधी फ्लेक्स दिसला.

दुपारी माझा फोन वाजला. "मॅडम, ह्या अर्जावर तुमचा नंबर आहे. ह्या गृहस्थांच्या गाडीत तुम्ही माणसं बसवायला निघालाय?"

"हो. का हो?"

"आमच्या ठाण्यात त्यांच्या नावावर साधा तक्रार अर्ज नाही. पण अख्खं गाव म्हणतंय माणूस डेंजर आहे, पिस्तूल आहे, केस आहे. सख्खा भाऊ म्हणतोय मलाही भीती वाटते. मी चांगलं चारित्र्य कुठल्या तोंडानं लिहू? उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल."

माणूस सरळ होता. मी त्याला मित्रापासून ज्योतिष्यापर्यंत सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. हसत असावा. मग म्हणाला, "परवा सकाळी डेअरीवर येतो. गावातली चार माणसं माझ्यासमोर खरं बोलू देत. नाही बोलली तर अर्ज नामंजूर."

मी आबांना बोलावून घेतलं. म्हटलं, आता गावाला खरं सांगा, दुसरा रस्ता नाही. आबा खुर्चीच्या कडेला बसले होते, नेहमीसारखे ऐसपैस नाही.

"केस मिटली म्हून सांगू का?" त्यांनी विचारलं.

"मिटली म्हणजे होती."

"मग निर्दोष सुटलो म्हून?"

माझं डोकंच फिरलं. "आबा, गुंड म्हणून घ्यायला चालतंय आणि ड्रायव्हर म्हणून घ्यायला मरण येतंय तुम्हाला?"

त्यांनी मान वर केली. "गुंडाच्या पोरीला स्थळ येतंय, ताई," ते म्हणाले. "डायवरच्या पोरीला येत न्हाय."

मला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. उठून जाताना त्यांनी चहाही घेतला नाही.

परवाच्या सकाळी मी आमच्या ह्यांना घेऊन गेले. खरं तर माझं तिथं काम नव्हतं, पण घरी बसवेना. डेअरीपुढं कॅन घेऊन लोक उभे होते. आबा एका बाजूला, इस्त्रीच्या कपड्यात, गॉगल लावून. गावाला खरं सांगितलेलं नव्हतं, ते त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. पलीकडच्या बाजूला धाकटे, हुबेहूब आबांसारखे, फक्त पोट जरा कमी. हवालदारानं गाडी लावली आणि गावानं ओळखलं, आबाला न्यायला आलेत. मग गाव आबांच्या पाठीशी उभं राहिलं.

"ह्यांच्याबद्दल काय माहिती आहे?" हवालदारानं पहिल्या माणसाला विचारलं.

"साहेब, आबा त्या दिवशी आमच्यात पत्तं खेळत हुतं. मारामारी झाली तितं नव्हतंच."

"कुठल्या दिवशी?"

"तुमी म्हनाल त्या दिवशी."

दुसऱ्यानं सांगितलं, आबा त्या दिवशी त्याच्या रानात मोटार दुरुस्त करत होते. हवालदारानं दोघांकडं बघितलं आणि वही मिटली. मग धाकट्यांना विचारलं. धाकटे छाती काढून म्हणाले, "आमचा थोरला पैल्यापासनं तापट हाय, साहेब. खोटं कशाला बोलू, मी सख्खा भाऊ आसून मला बी भ्या वाटतं."

मला वाटलं संपलं. काम गेलं, बॅज गेला. तेवढ्यात काकी, म्हणजे आबांच्या बायको, दुधाची किटली खाली ठेवून पुढं आल्या.

"कोन तापट?" त्या म्हणाल्या. "हे? घरात कोंबडी कापायची म्हनलं तर हे देवळात जाऊन बसत्यात. मागल्या साली उंदीर पिंजऱ्यात गावला तर चांगलं लांब नेऊन सोडून आलं आन् दुपारी उंदीर घरी, ह्येंच्या आदी."

बायका हसल्या, मग पुरुष हसले. आबांची पंधरा दिवसांची दहशत किटलीभर दुधात वाहून गेली. हवालदारानं विचारलं, "मग केस कसली?" आणि सगळे आबांकडं बघायला लागले.

आबांनी गॉगल काढला. डोळे लाल होते, झोप झालेली नव्हती. मला वाटलं आता गुरू, राहू, शनी काहीतरी काढतील.

"केस न्हाय," ते म्हणाले. "पिस्तूल बी न्हाय. मी डायवर हाय. म्हंजे व्हनार हाय. भाड्यानं मानसं न्यायला बॅज लागतोय, त्याचा अर्ज केलाय. गाडीची पाटी त्याच्यासाठीच पिवळी हाय, गुरूचा काय संबंद न्हाय." त्यांनी गॉगल खिशाला अडकवला. "रान गेलं माझं. पांढरं फुटलंय. तुमास्नी समद्यास्नी म्हाईत हाय. रोज बांधावरनं जाता. आजवर कुनी इचारलं न्हाय, आबा, खाताय काय."

डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन तेवढं चालू होतं. कुणी हसलं नाही. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच आमच्या ह्यांच्यावर खेकसले, गाडी नीट लावा म्हणून. हवालदारानं वही उघडली आणि चार माणसांच्या सह्या घेतल्या. सह्या करताना एकानंही मान वर केली नाही. शेवटी सरपंचांचा पुतण्या तेवढा पुटपुटला, "मग आमच्या दंडाचं काय?"

बॅज महिना संपायच्या आत आला. आबांनी तो खिशाला लावला, अर्धा गॉगलखाली झाकेल असा, पण लावला. कंपनीचं काम सुरू झालं. गाडीतल्या बायकांना त्यांनी पहिल्याच आठवड्यात माहेर, सासर, मामा सगळं विचारून घेतलं आणि आता निम्म्या त्यांच्या भाच्या आहेत. मला अजून 'पाव्हणं' म्हणूनच हिशोब देतात. मी आता दुरुस्त करत नाही.

आणि माझ्या फोनवर त्या गावचे फोन यायला लागले. दबक्या आवाजात. गाडी टी परमिटला टाकायला काय लागतंय, बॅज किती दिवसांत निघतोय, पोलीस गावातच इचारत्यात का बाहेर कुठं इचारतील. डेअरीवर त्या सकाळी उभे होते तेच सगळे. एकेकाच्या रानात पांढरं फुटलेलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, गावात आपलं एकट्याचंच गेलं. सगळ्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं, ताई, गावात कुनाला बोलू नका. सरपंचांच्या पुतण्याचाही आला, आणि त्याची पाटी तर तयारच होती.

परवा आबा हिशोबाला आले तेव्हा मी म्हटलं, "आबा, तुमच्या गावातून लई फोन येतायत मला. बॅजसाठी."

आबांनी बशीत चहा ओतला. "नावं सांगू नका, ताई," ते म्हणाले. "त्येंचं त्येंनी सांगावं." फुंकर मारून घोटभर प्यायले, मग बशी तशीच धरून म्हणाले, "त्यात आमचा धाकटा हाय का, एवढंच सांगा."

मी वहीत बघत राहिले. त्यावरून त्यांना जे कळायचं ते कळलं. बांधापलीकडचं रानही पांढरं झालंय, हे त्यांना रोज दिसत असणारच. चहा संपवून ते उठले.

"त्येला म्हनावं, पोलीस आलं की माझं नाव दे. मी येतो डेअरीवर. चांगला मानूस हाय म्हून सांगतो." दारात चपला घालता घालता थांबले. "खोटं बोलावं लागंल," आबा म्हणाले. "पन सांगंन."